डीजेची पहिली सामग्री : काय घ्यावे, काय घेऊ नये



ज्या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर बोलले जाते आणि अर्थसंकल्पावरही बोलले जाते, त्या व्यासपीठावर ‘डीजे’ हा विषय घेऊन आम्ही उभे राहिलो, याचे आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल, काहींना वाईटही वाटले असेल. डीजे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एक ट्रक येतो. ट्रकवर काळ्या पेट्यांची भिंत, खिडक्यांच्या काचांची थरथर, आणि घरात आजारी माणसाने कानावर दाबून धरलेली उशी. त्या ट्रकाची तरफदारी करावयास आम्ही आलेलो नाही. आम्ही बोलणार आहोत ते तुमच्या-आमच्या घरातल्या मुलाविषयी किंवा मुलीविषयी. जी एके दिवशी पानावर बसल्या बसल्या सांगते की मला डीजे व्हायचे आहे आणि त्यासाठी सामान घ्यायचे आहे.

आमच्या बहिणीचा मुलगा एका दिवाळीनंतर असाच मुलुंडहून आमच्याकडे आला. हातात एका दुकानाचे कोटेशन होते. तरुणपणी आम्ही अंधेरीत एका मंडपवाल्याबरोबर ध्वनिक्षेपक लावण्याची कामे केली आहेत, त्यामुळे ‘मामाला यातले कळते’ अशी घरात समजूत. कोटेशनात पंधरा इंची दोन टॉप, अठरा इंची दोन बेस, एक मोठा अँप्लिफायर, दिव्यांचा एक संच, आणि अगदी तळाशी, एका ओळीत, ‘कंट्रोलर व हेडफोन’ असे लिहिले होते. बेरीज दीड लाखाच्या वर. पैसे कोठून आणणार असे विचारताच पोराने मान खाली घातली. बहीण पाटल्या ठेवावयास तयार झाली होती. आम्ही तो कागद पालथा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दुसरी यादी करावयास बसलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या संध्याकाळचे बोलणेच आहे, जरा विस्ताराने.

आधी नावाचा उलगडा करू. ‘डिस्क’ म्हणजे तबकडी आणि ‘जॉकी’ म्हणजे शर्यतीतला घोडेस्वार. रेडिओवर तबकड्या लावून मधूनमधून बोलणाऱ्या निवेदकाला अमेरिकेत हे गमतीचे नाव पडले. आपल्याकडच्या वडील मंडळींना या जातीचा माणूस चांगला ठाऊक होता, फक्त त्याला या नावाने कोणी हाक मारीत नसे. १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, तिचे अमीन सयानी हे याच जातीचे. आणि लग्नमंडपाच्या कोपऱ्यात बसून, सुई बदलून, कर्ण्यातून एकामागून एक गाणी लावणारा तो अनाम गृहस्थ, तोही याच जातीचा. पुढे ऑगस्ट १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात कूल हर्क या तरुणाने घरगुती मेजवानीत एक वेगळाच उद्योग केला. गाण्यात जेथे गायन थांबून नुसता ताल वाजतो, तेवढा तुकडा लोकांना नाचावयास आवडतो, हे त्याने हेरले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून तो तुकडा त्याने हवा तेवढा लांबविला. गाणी नुसती लावण्याऐवजी ती जोडणे हे डीजेचे काम झाले ते या सुमारास.

हा सांधा कसा जुळतो ते समजल्याशिवाय कोणते यंत्र घ्यावे हे कळणार नाही, म्हणून येथे थोडे थांबू. समजा, चालू असलेल्या गाण्याची लय मिनिटाला १२० ठोक्यांची आहे, म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका. पुढचे गाणे १२४ ठोक्यांचे आहे. ही दोन एकदम वाजविली तर काही क्षण बरी लागतील, मग एकाचा ठोका दुसऱ्याच्या पुढे सरकू लागेल, आणि जिन्यावरून पत्र्याचा डबा गडगडत यावा तसा गोंधळ होईल. तेव्हा पहिले गाणे शेकडा सव्वातीनहून किंचित अधिक जलद करावे, किंवा दुसरे तितके मंद करावे. हे झाले लयीचे. पण लय जुळली म्हणजे सम जुळली असे नव्हे. तबलजी गवयाच्या समेवर येतो, तसे दुसऱ्या गाण्याचा पहिला ठोका पहिल्या गाण्याच्या आवर्तनाच्या आरंभावर पडला पाहिजे. नाचाच्या गाण्यांत बहुधा ३२ ठोक्यांचा एक खण असतो. खणाच्या दारातून आत शिरावे, खिडकीतून उडी मारू नये.

आता गंमत अशी की हे सगळे लोकांना ऐकू येण्यापूर्वी करावयाचे. लोक पहिले गाणे ऐकत असतात, त्याच वेळी डीजेने दुसरे गाणे एकट्याच्या कानात ऐकून जुळवून ठेवावयाचे. म्हणून त्याच्या यंत्रातून आवाजाच्या दोन वाटा निघाव्या लागतात, एक सभागृहाकडे आणि एक हेडफोनकडे. साध्या लॅपटॉपला ही एकच वाट असते. डीजेची सामग्री म्हणजे मुळात ही दुसरी वाट होय. भाच्याच्या कोटेशनात जी ओळ सर्वांत खाली होती, ती आम्ही सर्वांत वर लिहिली ती याच कारणासाठी.

कंट्रोलर म्हणजे दोन फिरत्या चकत्या, मधोमध मिक्सर आणि काही बटणे असलेली चपटी पेटी. ती यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडतात. गाणी लॅपटॉपात असतात, हात पेटीवर असतात, आणि त्या दोन वाटा काढणारे साउंडकार्ड पेटीच्या पोटात असते. निदान, असावे. काही अगदी स्वस्त आणि लहान पेट्यांत ते नसते आणि नवशिका तेथेच फसतो. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारावा : पेटीत साउंडकार्ड आहे काय, आणि हेडफोनची जागा मुख्य आवाजाहून वेगळी आहे काय? दुसरी गोष्ट पाहावयाची ती लय बदलण्याची उभी पट्टी. ती लांब असावी. पट्टी आखूड असली तर केसभर सरकविण्याऐवजी बोटभर सरकते आणि लय कधीच स्थिर होत नाही. तिसरी, प्रत्येक गाण्यासाठी खर्ज, मध्य आणि तार यांच्या वेगवेगळ्या तीन खुंट्या. दोन गाण्यांचे बेस एकदम वाजले की आवाजाचा चिखल होतो. येणाऱ्या गाण्याचा बेस आधी काढून ठेवावयाचा आणि नेमक्या ठोक्याला जुन्याचा काढून नव्याचा द्यावयाचा, ही या कलेतील अर्धी विद्या आहे. रंगीत दिव्यांची बटणे आठ आहेत की सोळा, यावरून मात्र भाव करू नये. ती पोरांना आवडतात, हे खरे.

पायोनियर डीजेची डीडीजे-एफएलएक्स ४ ही दोन वाटांची पेटी या कामाला पुरते. हर्क्युलिस आणि न्यूमार्क यांच्याही नवशिक्यांसाठी पेट्या आहेत. यांपैकी अमुकच घ्या असे आम्ही म्हणणार नाही, कारण वर सांगितलेल्या तीन गोष्टी ज्यात आहेत ते यंत्र पहिली दोन वर्षे कमी पडत नाही. पेटीबरोबर सॉफ्टवेअर येते. ते न परवडले किंवा न रुचले तर ‘मिक्स’ नावाचे, स्पेलिंगच्या शेवटी तीन एक्स असलेले, विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. उपनगरातल्या माणसासाठी आणखी एक कसोटी आम्ही सांगतो, ती कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही : पेटी पाठीवरच्या पिशवीत मावली पाहिजे, आणि ती पिशवी घेऊन बोरीवलीहून अंधेरीपर्यंत मालडब्यात नव्हे, साध्या डब्यात उभे राहता आले पाहिजे. जी पेटी रिक्षा केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, ती महिन्याभराने पलंगाखाली जाते.

आता सर्वांत वादाचा मुद्दा. या पेट्यांवर ‘सिंक’ नावाचे बटण असते. ते दाबले की यंत्र स्वतःच लय जुळविते. मग शिकावयाचे काय, असे भाचा आम्हास म्हणाला. आम्ही त्याला दोन गाणी लावून दाखविली. पहिले ‘तांबडी चामडी’, क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचे, २०२४ साली हॉलंडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने जगभर नेलेले. त्याचा ठोका यंत्राने बांधलेला आहे, घड्याळासारखा. दुसऱ्या तशाच गाण्याशी सिंकने ते चटकन जुळले. मग विठ्ठल उमपांचे एक जुने कोळीगीत लावले. हे जिवंत वादकांनी एकत्र बसून वाजविलेले. गायक श्वास घेतो तेथे ढोलकी किंचित थांबते, धृपदावर येताना सगळेच किंचित धावतात. माणसाचे संगीत असेच श्वास घेते, आणि नेमके तेच यंत्राला कळत नाही. त्याने गाण्याच्या आरंभी जी रेघोटी आखली, ती पुढे गाण्यापासून सुटत गेली आणि अर्ध्या मिनिटात दोन ठोके एकमेकांच्या पायांत अडकले.

तालाचेही तसेच. ही सॉफ्टवेअरे चार-चार मात्रांचा हिशेब गृहीत धरतात. केरवा आठ मात्रांचा, तो त्यात बसतो. पण दादरा सहा मात्रांचा, आणि गरब्याचा हींचही सहा मात्रांचा. तेथे यंत्र सम भलत्याच ठिकाणी दाखविते, कधी लयच दीडपट सांगते. आता विचार करा, आपल्या उपनगरातल्या डीजेला काम कोठे मिळते? वर्सोव्याच्या कोळीवाड्यात हळदीला, मुलुंड-घाटकोपर-बोरीवलीला नवरात्रात गरब्याला, सोसायटीच्या वार्षिक समारंभाला, जेथे साठ वर्षांच्या काकूंना जुने चित्रपटगीत हवे असते. म्हणजे युरोपातल्या क्लबातील डीजेचे सिंकवाचून एक वेळ अडेल, आपल्या डीजेचे कानावाचून पदोपदी अडते. आमचे म्हणणे सिंक निषिद्ध असे नाही. पण यंत्र निवडताना ते बटण बंद ठेवून, चकतीला बोटाने हलकेच ढकलून किंवा रोखून लय सावरता येते का, हे पाहून निवड करावी. चकती फार लहान किंवा फार हलकी असेल तर हे जमत नाही.

आणि म्हणून, हेडफोन. ज्या वस्तूवर लोक सर्वांत कमी पैसे टाकतात तिच्यावर आम्ही पेटीखालोखाल पैसे टाकावयास सांगतो. तो वायरचा असावा. बिनतारी हेडफोनमध्ये आवाज कानात पोहोचेपर्यंत एक दशांश ते एक पंचमांश सेकंद सहज निघून जातो. गाणी ऐकताना हे जाणवत नाही; पण दोन ठोक्यांत अंतरच जेथे अर्ध्या सेकंदाचे, तेथे पंचमांश सेकंद म्हणजे त्या अंतराचे पाचांत दोन भाग. मग सांधा कसा जुळावा? आमच्या हातूनच ही चूक झाली. भाच्याच्या वाढदिवसाला आम्ही हौसेने बिनतारी हेडफोन दिला होता. तो आता त्याची आई भाजी चिरताना अभंग ऐकावयास वापरते. हेडफोन कान बाहेरून बंद करणारा असावा, एक वाटी मागे वळविता येणारी असावी, आणि वायर तुटली तर तेवढीच बदलता येणारी असावी. सेनहायजरचा एचडी २५ हा १९८८ पासून याच कारणांनी टिकून आहे : त्याचा प्रत्येक भाग सुटा मिळतो. तो महाग वाटल्यास त्याच धर्तीचा दुसरा घ्यावा.

कान बंद करणारा का, याचे कारण केवळ कलेचे नाही, आरोग्याचे आहे, आणि ते सांगताना आमचा आवाज थोडा बदलला तर क्षमा असावी. बाहेरचा आवाज आत आला की डीजे हेडफोनचा आवाज वाढवितो. मग बाहेरचा वाढवितो. मग पुन्हा आतला. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने असे ठरविले आहे की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी ८ तास चालेल, आणि पुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा करावा. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १. असे करीत १०० डेसिबलपर्यंत गेले की उरतात फक्त १५ मिनिटे. हळद किती वेळ चालते ते तुम्ही जाणता. अंतःकर्णातील सूक्ष्म रोमपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आमच्या डाव्या कानात गेली वीस वर्षे एक बारीक शिट्टी वाजते. कुकरची नव्हे; ती कधी बंद होत नाही. गणेशोत्सवात दहा-दहा रात्री पेट्यांशेजारी उभे राहून मिळविलेली ती कमाई आहे. म्हणून भाच्याच्या यादीत हेडफोनच्या खाली आम्ही संगीतकारांसाठी मिळणारे इअरप्लग लिहिले. ते आवाज घोगरा न करता सगळाच एकसारखा कमी करतात. त्यांची किंमत यादीत सर्वांत कमी भरली.

आता त्या टॉप आणि बेसकडे वळू, ज्यांच्यासाठी पाटल्या निघणार होत्या. दुकानदार वॅट सांगतो आणि गिऱ्हाईक वॅटला भुलते. पूर्वी टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारांचे आकडे छापलेले असत ते आपल्याला आठवत असतील. तो क्षणमात्र निघू शकणाऱ्या शक्तीचा फुगविलेला आकडा. खरा आकडा ‘आरएमएस’चा, सतत देता येणाऱ्या शक्तीचा. पण तोही फसवा आहे, कारण आपला कान हिशेबाला फार निराळा आहे. वॅट दुप्पट केले तर आवाज अवघा ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे चटकन लक्षात येईल न येईल इतका. कानाला ‘दुप्पट’ वाटावयास वॅट दसपट लागतात. म्हणजे ५०० ऐवजी १००० वॅटची पेटी घेणाऱ्याने पैसे जवळजवळ दुप्पट दिले आणि घरी आणले ३ डेसिबल. उलट मोकळ्या जागेत पेटीपासूनचे अंतर दुप्पट केले की ६ डेसिबल उतरतात. जाणता साउंडवाला पेटी जरा उंच, लोकांच्या डोक्यावरून जाईल अशी ठेवून जे साधतो, ते अडाणी मनुष्य नव्या पेट्या घेऊनही साधू शकत नाही.

कोल्हापूर-सांगलीकडे पेट्यांच्या भिंतीला ‘डॉल्बी’ म्हणतात. रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये कंपनी काढली आणि तिचे नाव प्रथम झाले ते टेपवरील नको असलेली खरखर कमी करण्याच्या युक्तीमुळे. बिचाऱ्यांच्या नावाने महाराष्ट्रात काय चालते ते पाहून त्यांना काय वाटले असते!

कायद्याचाही विचार करावा. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. सार्वजनिक जागी ध्वनिवर्धक लावल्यास त्या जागेच्या हद्दीवर आवाज या मर्यादेहून १० डेसिबल अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जो कमी असेल तितकाच चालतो. निवासी भागात दिवसाचा हिशेब ६५ वर येतो. समोरासमोर बसलेल्या दोन माणसांचे साधे बोलणे ६० च्या आसपास असते. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. पण ती सूट वेळेची असते, आवाजाची नव्हे. २०१८ च्या गणेशोत्सवात ध्वनिसामग्रीच्या व्यावसायिकांची संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली होती; मिरवणुकीतील डीजेवरील बंदीला न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली नाही. सामग्री घरात पडून, हप्ते मात्र चालू, अशी अवस्था या धंद्यात येते ती पेट्या विकत घेणाऱ्यावर. पेटी भाड्याने आणणाऱ्यावर ती येत नाही. भाड्याने घेतली की पेटीबरोबर वायरी येतात, टेम्पो येतो, लावणारा माणूस येतो, आणि फ्यूज उडाला तर धावपळ त्याने करावयाची असते. म्हणून नवशिक्याने मोठे स्पीकर विकत घेऊच नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. घरी सरावाला हेडफोन पुरतो. फार तर टेबलावरचे दोन लहान स्पीकर. वन-रूम-किचनमध्ये भिंतीपलीकडे शेजाऱ्याची परीक्षेची मुले असतात, तेथे अठरा इंची बेस ठेवणार कोठे, आणि वाजविणार कधी?

आमच्या पिढीला आण्यांचा हिशेब सोपा जातो, म्हणून भाच्याच्या यादीची वाटणी त्याच भाषेत सांगतो. लॅपटॉप घरी आहे असे धरून, रुपयातले आठ-नऊ आणे कंट्रोलरला, चार आणे हेडफोनला, आणि उरलेले केबली, पिशवी, इअरप्लग आणि गाण्यांना. केबलींवर कंजूषी करू नये. कार्यक्रम बंद पडतो तो बहुधा दोन-तीनशे रुपयांच्या पिनेने, पेटीने क्वचितच. कंट्रोलरला आरसीए पिना असतात आणि साउंडवाल्याच्या मिक्सरला बहुधा एक्सएलआर किंवा मोठा जॅक. दोन्हींना जोडणाऱ्या वायरींचे दोन जोड स्वतःजवळ असावेत, कारण ‘आहे माझ्याकडे’ म्हणणाऱ्या साउंडवाल्याकडे ती ऐन वेळी नसते. पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत पिना काळ्या पडतात, पट्ट्यांत आर्द्रता आणि धूळ बसून खरखर सुरू होते. पेटीवर झाकण आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. स्पीकरमधून सतत ‘हूं’ असा आवाज येऊ लागला तर तो बहुधा अर्थिंगच्या घोटाळ्याचा असतो. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेऊन पाहावे. तीन पिनांच्या प्लगातील मोठी पिन काढून टाकण्याचा जो इलाज काही शहाणे सांगतात, तो जिवावरचा आहे.

लॅपटॉपविषयी थोडेच. तो नवा नसला तरी चालेल, पण कार्यक्रमाच्या वेळी त्याचे इंटरनेट बंद असावे, झोपी जाण्याची सवय बंद असावी, आणि स्वतःहून नवे सॉफ्टवेअर चढविण्याची मुभा त्याला नसावी. हळद ऐन रंगात असताना पडदा निळा होऊन ‘कृपया थांबा’ म्हणू लागला तर यजमान थांबत नाहीत.

गाणी ही खरी सामग्री आहे, आणि तिच्यावर कोणीच खर्च करू इच्छीत नाही. व्हिडिओवरून ओढलेले गाणे मोबाइलवर गोड वाटते. मोठ्या स्पीकरवर त्याच्या झांजा पाण्याखालून वाजल्यासारख्या येतात. सेकंदाला ३२० किलोबिटची एमपी३ प्रत घ्यावी. चार मिनिटांचे गाणे १० मेगाबाइटच्या आत बसते, हजार गाण्यांना १० गिगाबाइटही लागत नाहीत. म्हणजे अंगठ्याएवढ्या पेनड्राइव्हवर आयुष्यभराचे काम मावते, आणि ते हरवते म्हणून दोन पेनड्राइव्ह ठेवावेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील ५२ व्या कलमात लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांना सवलत आहे. तिकीट लावून केलेल्या पार्टीला ती नाही. तेथे आयोजकाने परवाना घेतला आहे का, हे विचारून मगच वाजवावे.

भाच्याने खरेदी केली ती तीन दुकाने हिंडून. आम्ही त्याला सांगितले होते की आपला लॅपटॉप आणि तीच दोन गाणी घेऊन जा. दुकानदाराच्या गाण्यावर कोणतेही यंत्र चांगलेच वाजते. प्रत्येक खुंटी डोळे मिटून फिरव, मध्यावर ती ‘टक्’ अशी थांबते का ते बोटाला कळू दे. प्रत्येक पट्टी अगदी सावकाश सरकव आणि खरखर ऐक. जुनी पेटी घेत असलास तर हे दुप्पट काळजीने कर. आणि नवी घेत असलास तर जीएसटीचे बिल व वॉरंटीचा कागद घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नकोस. एका दुकानात त्याला गाणे लावू दिले नाही. तेथून तो उठून आला, याचा आम्हास आनंद झाला. पाटल्या अजून बहिणीच्या हातात आहेत. पोरगा रोज रात्री जेवणानंतर कानाला हेडफोन लावून तासभर चकत्या फिरवितो आणि घरात कोणाला काहीही ऐकू येत नाही. बहिणीची तक्रार आता एवढीच, की हाका मारलेल्या त्याला ऐकू येत नाहीत.

व्याख्यानानंतर विचारलेल्या प्रश्नांपैकी दोन येथे देतो.

एका गृहस्थांनी विचारले की मुलाची आवड टिकेल याची खात्री नाही, तर काहीच न घेता सुरुवात करता येईल काय? येईल. वर सांगितलेले विनामूल्य सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर घालावे आणि डावा-उजवा आवाज वेगळा करणारी दुभागी वायर आणावी. सॉफ्टवेअरमध्ये डावीकडून लोकांचा आवाज आणि उजवीकडून हेडफोनचा, अशी वाटणी करता येते. आवाज दोन्हीकडे एकाच बाजूचा येतो आणि चकत्यांऐवजी कळफलक वापरावा लागतो. पण लय आणि सम ओळखण्याचा सराव यावर तीन महिने उत्तम होतो. तेवढ्यात कंटाळला नाही तर पेटी घ्यावी.

घाटकोपरहून आलेल्या एका आजींनी विचारले की यजमानांचा जुना रेकॉर्डप्लेअर माळ्यावर आहे, तो नातवाला यासाठी देऊ का? देऊ नये. डीजे वापरतात तो टेक्निक्सचा एसएल-१२०० हा १९७२ पासूनचा प्लेअर. त्यात मोटरच थेट थाळी फिरविते, त्यामुळे थाळी झटकन वेग घेते, हाताने रोखलेली सहन करते, आणि लय शेकडा आठपर्यंत वरखाली करता येते. घरगुती प्लेअरची थाळी बहुधा रबरी पट्ट्याने किंवा चाकाने फिरते. तिला हाताने मागेपुढे ढकलले तर पट्टा जाईल आणि तबकडीवर ओरखडे उठतील. तो प्लेअर खाली काढून, पट्टा बदलून, आजींनी स्वतःच वापरावा. सुई झिजलेली असेल ती नवी बसवावी, आणि संग्रहात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असतील तर त्यांना सुई निराळी लागते, एवढे दुकानात आधी सांगावे.